तारेला लागलेलं ऊन

मे महिना लागला की मी उघड्यावरच्या लोखंडाला हात लावायचं टाळते. गच्चीच्या दाराची कडी, फाटक, अंगणात उभी असलेली स्कूटर, सगळं पदराच्या टोकाने धरते. मुलगी हसते. म्हणते, "आई, हे सातारा आहे, जयपूर नव्हे." खरंच आहे ते. इथला उन्हाळा संध्याकाळी जरा शहाण्यासारखा वागतो. कुठून तरी वारा येतो, भिंती निवतात, माणसं ओट्यावर येऊन बसतात. जयपूरचा उन्हाळा असा नव्हता. तो सकाळी पांढराच उगवायचा आणि दिवसभर आभाळाला निळं होऊ द्यायचा नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर विजयची बदली जयपूरला झाली. तो विमा कंपनीत होता. तिथल्या सोडाला भागात आम्हाला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. खिडकीत कूलर आणि त्याला खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्या. पंप सुरू झाला की ओल्या गवताचा वास घरभर पसरायचा आणि त्या वासानेच अर्धं ऊन कमी झाल्यासारखं वाटायचं. दुपारी रस्त्यावर कुणी नसायचं. लू, म्हणजे तिकडचा भाजणारा वारा, वाहायला लागली की दारांच्या फटीतूनही तिची शीळ ऐकू यायची. आमची मुक्ता तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती आणि तिचं मराठी दिवसेंदिवस विरघळत चाललं होतं. "आई, लाईट गेली, मतलब कूलर पण गेला?" असं विचारायची. मी "मतलब नाही, म्हणजे" असं सांगायची. ती मान डोलवायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा मतलब यायचं.

मी विजेची इंजिनियर. तिथे एका सरकारी चाचणी प्रयोगशाळेत मला हंगामी नोकरी मिळाली. त्या खात्यात बाई म्हणून मी एकटीच. आमचे प्रमुख सक्सेनासाहेब निवृत्तीला टेकलेले होते. पांढरा बुशशर्ट, चष्म्याला दोरी, आवाज कधीही न चढणारा. ते मला कायम "मिसेस निकम" म्हणायचे आणि त्यांच्याशी बोलणं सगळं हिंदीतच चालायचं. आज आठवताना मात्र ते मला मराठीतच ऐकू येतं.

आमचं काम मोजणाऱ्या यंत्रांना मोजायचं. ट्रान्सफॉर्मर म्हटलं की लोकांना रस्त्याच्या कडेचा, गुंगुं करणारा राखाडी डबा आठवतो. आमच्याकडे येणारे ट्रान्सफॉर्मर वेगळे. मोठ्या कारखान्याच्या तारेतून इतका प्रवाह वाहतो की त्याला मीटर थेट जोडलं तर ते जळून जाईल. म्हणून मध्ये हा एक लहान ट्रान्सफॉर्मर बसवतात. तो मोठ्या प्रवाहाचं ठरावीक प्रमाणात लहान रूप करतो आणि ते मीटरकडे पाठवतो. मीटरला मूळ प्रवाह कधी दिसतच नाही. हा जे सांगेल ते खरं मानून ते फिरत राहतं. हा बरोबर सांगतो की नाही, ते पाहणारे आम्ही.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला वीज खात्याकडून असे तीन ट्रान्सफॉर्मर तपासायला आले. शहराबाहेर, जगतपुऱ्याच्याही पलीकडे एक कारखाना होता. तिकडे पाठवलेली वीज आणि तिकडच्या मीटरने नोंदवलेली वीज यांत थोडी तफावत पडत होती. थोडी म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. पण कारखाना मोठा, त्यामुळे ती डोळ्यांत भरत होती. आमची खोली वातानुकूलित. शहर भाजत असताना आम्ही आत स्वेटर घालून बसायचो. मी सगळ्या जोडण्या केल्या, आकडे घेतले, पुन्हा घेतले. तिन्ही ट्रान्सफॉर्मर अगदी नेमके निघाले. मला आठवतं, मी समाधानाने दुपारचा डबा उघडला होता. चांगलं यंत्र पाहिलं की आमच्यासारख्यांना बरं वाटतं. सक्सेनासाहेबांनी सही केली आणि ट्रान्सफॉर्मर परत गेले.

पुढे काही आठवड्यांनी मी खाली हातगाडीवरून काकड्या घेत होते. शेजारच्या माथुरबाई तिथेच होत्या. त्यांनी मागच्या गल्लीकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला.

"तो भँवरलाल आहे ना, वीजवाला. चोर निघाला. कारखान्याशी मिळून वीज चोरायचा. सस्पेंड झालाय."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. प्रयोगशाळेतून सिद्ध होऊन आलं. मशीन ठीक आहे म्हणाले. मग मशीन ठीक तर माणूस चोर, नाही का?"

काकड्यांची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. मी कुठल्याशा प्रयोगशाळेत काम करते, हे माथुरबाईंना माहीत होतं. पण ती हीच, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी वर आले, कूलरसमोर बसले. मनात एकच गोष्ट फिरत होती. आम्ही कुणाला चोर म्हटलं नव्हतं. आम्ही फक्त यंत्र बरोबर आहे म्हटलं होतं. बाकीचं वाक्य लोकांनी पुरं केलं होतं.

त्याच संध्याकाळी मी भँवरलालजींच्या घरी गेले. विजय म्हणाला, "तू कशाला यात पडतेस? परक्या गावात आहोत आपण." मी म्हटलं, "नुसती बघून येते." गल्लीत शिरताना मागून कुणीतरी विचारलं, "बहनजी, किसके यहाँ?" मी नाव सांगितलं तेव्हा विचारणारा मान फिरवून निघून गेला.

भँवरलालजी पन्नाशीचे, किडकिडीत, गालावर पांढरे खुंट. दारातल्या खाटेवर बसले होते. मी कोण ते सांगितलं. ती चाचणी मीच केली हेही सांगितलं. मला वाटलं होतं की ते चिडतील. त्यांनी उठून मला बसायला वेताचा मुढा दिला आणि आतून पाणी मागवलं. पाणी घेऊन त्यांची मुलगी आली. सरोज तिचं नाव. शाळेत शिकवण्याचं प्रशिक्षण घेत होती. तिने पेला दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली, माझ्याकडे सरळ बघत.

"आपने सही लिखा होगा," भँवरलालजी म्हणाले. "मशीन सही निकली, मैं गलत निकला."

कारखान्यातल्या मीटरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. दक्षता पथकाने तफावतीच्या वेळा काढल्या, तर ती दिवसाच पडत होती आणि दिवसाची ड्यूटी नेहमी त्यांचीच.

"नेहमी दिवसाची का?" मी विचारलं.

उत्तर सरोजने दिलं. "बाबूजींना रातांधळेपणा आहे. अंधारात दिसत नाही. खात्यातल्या साहेबांनीच दया करून दिवसाची ड्यूटी दिली होती. आता तीच पुरावा झाली."

परतताना ऊन कलंडलं होतं, तरी डांबर चपलेला चिकटत होतं. मी स्वतःशीच घोकत होते. रात्री फरक नाही, दिवसा आहे. दिवसा भँवरलालजी असतात. दिवसा आणखी काय असतं? या शहरात हा प्रश्न विचारायचीसुद्धा गरज नव्हती. ते अजून माझ्या पाठीवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी सक्सेनासाहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, "सर, आपण ट्रान्सफॉर्मर तपासले. ते तिथे जसे बसवलेत, तसे नाही तपासले. तिथल्या तारा, तिथलं ऊन."

"जे टेबलावर येतं ते आपण मोजतो, मिसेस निकम."

"हो सर. पण त्यावरून एक माणूस चोर ठरलाय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फाइलमधून आमच्या प्रमाणपत्राची प्रत काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. चाचणीच्या वेळी खोलीचं तापमान किती होतं, ती ओळ. प्रत्येक प्रमाणपत्रावर ती असतेच. मी ती कितीदा लिहिली असेल.

"हे आपण का लिहितो?"

"नियम आहे म्हणून."

"नाही. या तापमानाच्या पलीकडे आपण काही म्हटलेलं नाही, हे कळावं म्हणून." प्रत फाइलमध्ये परत ठेवत ते म्हणाले, "पण ही ओळ कुणी वाचत नाही. खात्याने नाही वाचली. आणि सही करताना मीही नाही वाचली." मग त्यांनी जीप सांगितली.

आज वाटेतल्या गोपालपुऱ्यात म्हणे क्लासेसच्या पाट्यांनी भिंती दिसत नाहीत. तेव्हा आमची जीप तिथून निघाली की दोन्ही बाजूंना मोकळं रान, बाभळी, एखादी वीटभट्टी. पुढे जगतपुऱ्याचं लहानसं स्टेशन आणि त्याच्यापलीकडे नुसती वाळूमिश्रित माती. टँकरच्या गळक्या नळाखाली मोर जमलेले. त्यांचे पिसारे धुळीने माखलेले असायचे.

कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी वीज बंद ठेवून तपासणीला परवानगी मिळाली होती. ट्रान्सफॉर्मर उघड्यावर, लोखंडी सांगाड्यावर बसवलेले. मीटरची खोली मात्र तिथून बरीच लांब. पूर्वी ती जवळ होती, नंतर कधीतरी हलवली होती. खोली हलवली तेव्हा तारा फक्त लांबवल्या. बारीकच तारा. त्या लोखंडी नळीतून पश्चिमेच्या भिंतीवरून आणि पुढे पत्र्याच्या छपरावरून नेलेल्या. नळी किती लांब आहे ते पाहावं म्हणून मी तिच्यावर हात ठेवला. पुढे कित्येक दिवस त्या तळव्याने मला पोळी लाटता आली नाही.

तांबं तापलं की त्यातून वीज जायला जास्त अडते, हे शाळेतल्या मुलालाही शिकवतात. मोजणीचा ट्रान्सफॉर्मर आपला लहानसा प्रवाह त्या तारेतून मीटरपर्यंत ढकलत असतो. त्याची ताकद मोजकी. तारा इतक्या लांब आणि बारीक की हिवाळ्यातच त्याचा जीव मेटाकुटीला आलेला. उन्हाळ्यात तीच तार तापली की त्याला ते ओझं पेलत नाही. थोडा प्रवाह तो स्वतःच्या लोखंडी गाभ्यातच खर्च करतो आणि मीटरकडे कमी पोहोचतो. आमच्या थंड खोलीत आम्ही त्याला त्या तारांऐवजी नियमात सांगितलेलं ओझं दिलं होतं. ते त्याने हसत पेललं होतं.

पण हे सगळं माझं म्हणणं. म्हणण्याला किंमत नव्हती, मोजायला हवं होतं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, आम्ही आमचा प्रमाण ट्रान्सफॉर्मर आणि तुलनेचं यंत्र मांडलं आणि आमच्याच यंत्रातून प्रवाह सोडला. ट्रान्सफॉर्मर त्यांच्या जागी, तारा त्यांच्या जागी. मीटरकडे किती प्रवाह पोहोचतो तो आकडा मी वाचायची, सक्सेनासाहेब तो मोठ्याने परत म्हणायचे. खात्याचे एक दक्षता अधिकारी खुर्ची टाकून बसले होते. सकाळचे आकडे ठीक आले, मर्यादेच्या कडेला, पण आत. अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, देख लिया?"

भँवरलालजी आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. निलंबित माणसाला आत यायला मनाई, म्हणून ते फाटकाबाहेर खेजडीच्या झाडाच्या विरळ सावलीत उभे होते, डोक्याला गमछा गुंडाळून. मी पाण्याची सुरई पाठवली. दुपारी लू सुरू झाली. डोळ्यांत वाळू जात होती, ओठ फुटले होते, डोक्यावरचा ओला टॉवेल बघता बघता कडक व्हायचा. जेवायची वेळ झाली तेव्हा अधिकारी आत पंख्याखाली गेले. सक्सेनासाहेबांनी आपला डबा उचलला आणि फाटकाबाहेर गेले. खेजडीखाली रुमाल पसरून भँवरलालजींच्या शेजारी बसले. लांबून मला दिसलं, त्यांनी डब्यातल्या पुऱ्या दोघांत वाटल्या. 

जेवणानंतर आकडा घसरायला लागला. आधी इतका कमी की मला माझ्याच डोळ्यांची शंका आली. मग स्पष्ट. मी वाचत होते आणि सक्सेनासाहेबांचा आवाज, कधीही न बदलणारा, तेच म्हणत होता, फक्त दर वेळी आकड्यांच्या मध्ये थोडं जास्त थांबत होता. भिंतीने दिवसभराचं ऊन पोटात घेतलं होतं आणि आता ती ते तारांना देत होती. आकडा मर्यादेबाहेर गेला आणि तिथेच राहिला. दक्षता अधिकारी उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. एकदा म्हणाले, "जोडणी ढिली असेल." मी सगळ्या जोडण्या त्यांच्यासमोर सोडवून पुन्हा केल्या. आकडा तोच.

सूर्य कलायच्या सुमाराला पश्चिमेला पिवळा पडदा उभा राहिला. आंधी, धुळीचं वादळ. बघता बघता तो आमच्यावर आला. पत्रे थडथडले, कागद सांभाळायला सक्सेनासाहेब त्यांच्यावर अक्षरशः बसले, मी यंत्रावर सतरंजी टाकून तिच्या आत डोकं घातलं. आंधी ओसरली तेव्हा हवा बदलली होती. चार थेंब पडले असतील-नसतील, पण पत्रा हात लावण्याजोगा झाला होता. मी सतरंजी काढली, नाकातोंडातली माती पुसली आणि आकडा पाहिला. तो वर चढत होता. अंधार पडेपर्यंत तो पुन्हा सकाळच्या जागी आला. कुणी किल्ली फिरवली नव्हती, कुणी कशाला हात लावला नव्हता. भँवरलालजी फाटकाबाहेर होते आणि त्यांना आता समोरचं दिसत नव्हतं. सक्सेनासाहेबांनी त्यांचा हात धरून त्यांना जीपमध्ये बसवलं.

सक्सेनासाहेबांनी दुसरा अहवाल लिहिला. पहिला त्या खोलीपुरता खरा होता आणि बाहेर लागू नव्हता, असं त्यात त्यांनी स्वतःच्या सहीने म्हटलं. निवृत्तीच्या तोंडावर असं लिहू नका, असं त्यांना वरून सुचवलं गेलं होतं. ते मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

कागद आपल्या चालीने चालले. पाऊस येऊन गेला, दिवाळी झाली. कारखान्यात जाड तारा बसल्या, मीटरची खोली पुन्हा जवळ आली. थंडी पडल्यावर भँवरलालजी कामावर परत गेले. मधल्या काळात सरोजचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलगा जवळच्या दौसा गावचा होता. त्या घरून निरोप आला होता की आमच्याकडे अशी माणसं चालत नाहीत.

जानेवारीच्या एका सकाळी भँवरलालजी आमच्या दाराशी आले. हातात काही नव्हतं, अंगावर खात्याचा खाकी कोट होता. आत या म्हटलं तरी उंबऱ्यापाशीच उभे राहिले.

"मॅडमजी, नौकरी तो मिल गई. पर गली में कागज कोई नहीं पढ़ता. आप एक बार आकर बोल देतीं."

मी सक्सेनासाहेबांना विचारलं. ते तोवर निवृत्त झाले होते. पुढच्या रविवारी लोकरीची टोपी घालून ते सायकल-रिक्षाने सोडाल्यात आले. गल्लीत ऊन खात माणसं बसली होती. बायका मटार सोलत होत्या. खाटेवर बसून मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत तांबं, ऊन, लांब तारा असं सगळं सांगितलं. पाणी जसं बारीक नळीतून, असंही काहीतरी म्हटलं. लोक ऐकत होते, पण ते माझ्या साडीकडे आणि माझ्या हिंदीकडे जास्त बघत होते. माथुरबाईही आल्या होत्या. समोरच्या घरातली एक फार म्हातारी बाई, ओढणी नाकापर्यंत ओढलेली, मध्येच बोलली, "चोरी कोनी हुई, तो बिजली कठै गई?"

चोरी झाली नाही, तर वीज गेली कुठे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. 

सक्सेनासाहेब उठून उभे राहिले. "कहीं नहीं गई, माँजी. काम में आई. बस, गिनती में कम आई."

"मग जो मोजत होता त्याला धरायचं होतं," म्हातारी आपल्या बोलीत म्हणाली. "याला कशाला धरलं?"

"जी," सक्सेनासाहेबांनी टोपी काढली. "वो मैं हूँ."

कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. म्हातारीने ओढणी थोडी वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग भँवरलालजींकडे. मग ती उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने बाकीचीही माणसं पांगली. पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. एकाने मात्र जाताना भँवरलालजींना विचारलं की त्याच्या घरचा दिवा फडफडतो, ते बघायला येतील का. भँवरलालजी लगेच उठून त्याच्याबरोबर गेले, पायांत चपला न घालताच.

आम्ही निघालो तेव्हा सरोज चहाचे पेले उचलत होती. मी तिला विचारलं, दौशाहून काही निरोप?

"आला," ती म्हणाली. "परवाच आला. ते आता तयार आहेत. म्हणाले, कामावर परत घेतल्याच्या आदेशाची नक्कल दाखवा, मग पुढचं बोलू."

"मग?"

"मी नाही म्हणून कळवलं." तिने पेले एकात एक घातले. "ज्याला माझे बाबूजी कागदावर वाचावे लागतात, त्याच्या घरी मी काय करू?"

सक्सेनासाहेब माझ्या मागे उभे होते. त्यांनी ते ऐकलं. टोपी अजून त्यांच्या हातातच होती. त्या तरुण मुलीपुढे त्या वृद्ध माणसाने किंचित मान झुकवली, आणि मगच टोपी डोक्यावर घातली.